चिठ्ठीवरचं बीडी, टीडीएस, एसओएस म्हणजे काय? गोळी घेण्याआधी समजून घ्या

दवाखान्याची चिठ्ठी उघडली की औषधाच्या नावापुढं दोन-तीन इंग्रजी अक्षरं दिसतात. मेडिकलवाला गर्दीत एकदा सांगतो, घरी येईस्तोवर ते डोक्यातून जातं आणि म्हाताऱ्या माणसाची गोळी अंदाजानं सुरू होते. ही अक्षरं मूळ लॅटिन भाषेतली. त्यामुळं इंग्रजी शिकलेल्या पोरांनाही त्यांचा अर्थ लागत नाही. पण नेहमीची अक्षरं मोजकीच आहेत.

किती वेळा घ्यायची?
• ओडी : दिवसातून एकदा
• बीडी किंवा बीआयडी : दोनदा
• टीडीएस किंवा टीआयडी : तीनदा
• क्यूआयडी : चारदा
• एचएस : रात्री झोपताना
• एसओएस : त्रास झाला तरच
• स्टॅट : लगेच, एकदाच

जेवणाआधी की नंतर?
• एसी : जेवणाआधी
• पीसी : जेवणानंतर

काही डॉक्टर १-०-१ असं लिहितात. पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. १-१-१ असेल तर शेतात जाणाऱ्याची दुपारची गोळी हमखास चुकते. ती सकाळीच भाकरीबरोबर बांधून न्यावी.

घोळ कुठं होतो?

एसओएस : ही रोजची गोळी नाही. तापाची पॅरासिटामॉल एसओएस लिहिली असेल तर ताप आल्यावरच घ्यायची आणि दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तास जाऊ द्यायचे. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही एकदम घेतल्या तर मात्रा वाढते आणि लिव्हरला धोका होतो.

ओडी : चष्म्याच्या नंबराच्या कागदावर ओडी म्हणजे उजवा डोळा आणि ओएस म्हणजे डावा. तिथं दिवसातून एकदा असा अर्थ लावू नये.

आठवड्याची गोळी : संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांकडून वार लिहून घ्या आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

इन्सुलिन : युनिटसाठी लिहिलेलं इंग्रजी यू अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं, मग १० चे १०० वाचले जातात. युनिट हा शब्द पूर्ण लिहून मागा. सिरिंजही बाटलीप्रमाणंच हवी. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची, १०० युनिटच्या बाटलीला केशरी टोपणाची.

एसआर, डीटी : ही अक्षरं गोळीच्या नावाला जोडून येतात. एसआर गोळीतलं औषध पोटात हळूहळू सुटतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती चावू किंवा कुटू नये. डीटी म्हणजे पाण्यात विरघळवून द्यायची गोळी.

मेडिकलमधून निघण्याआधी

प्रत्येक औषधाच्या पाकिटावर मराठीत लिहून घ्या : कशासाठी, किती, कधी, किती दिवस. ऐकलेलं एकदा परत बोलून दाखवा, चूक असेल तर तिथंच कळते. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून घेतला तरी भागतं.

डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, हा मेडिकल कौन्सिलचा २०१६ चा नियम आहे. त्यामुळं "साहेब, नीट लिहून द्या" म्हणायला लाजायचं कारण नाही.

घरी आल्यावर शंका आली तर शेजाऱ्याला विचारून गोळी देऊ नका. चिठ्ठी आणि औषधं घेऊन आशाताई, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. चुकून जास्त मात्रा गेली तर त्रास होण्याची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा आणि रिकामं पाकीट सोबत ठेवा.