पांढरीखालची नगरे

प्राचीन नगर म्हटले म्हणजे मोहेंजोदडो येथील पक्क्या विटांची घरे आणि झाकलेली गटारे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात, व महाराष्ट्रात सांगण्यासारखे काही नव्हते अशी आपली समजूत होऊन बसते. सिंधुतीरीच्या नगरांइतकी जुनी व विस्तीर्ण नगरे आपल्याकडे नव्हती, हे खरे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात लोक राहत होते. ते जव पिकवीत, पाटाचे पाणी शेताला देत, आणि मूल दगावले तर त्याला मातीच्या रांजणांत ठेवून राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. पण ते गाव होते. नगरे उदयास आली ती पुढे काही शतकांनी, मौर्य व सातवाहन यांच्या काळात. प्रतिष्ठान म्हणजे पैठण, तगर म्हणजे तेर, नाशिकजवळचे गोवर्धन, जुन्नर, आणि आमच्या सातारा जिल्ह्यातील करहाटक म्हणजे कऱ्हाड, ही त्यांतील काही होत. मेढ्याजवळून वाहणारी वेण्णा माहुलीस कृष्णेला मिळते, व तीच कृष्णा कऱ्हाडास कोयनेला भेटते. त्या संगमावर हे नगर वसले. अशा नगरांतील साधा माणूस कसा जगत असे, याचा आज विचार करू.

राजांचा इतिहास नाण्यांवर व प्रशस्तींत लिहिलेला असतो. तांबट, विणकर, तेली यांचा इतिहास कोण लिहिणार? सुदैवाने तो दोन ठिकाणी राहिला आहे. पहिले ठिकाण म्हणजे लेण्यांतील दानलेख. येथे दान देणारा मनुष्य आपल्या नावासोबत गाव व धंदा अभिमानाने सांगतो. कोकणातील कुडे येथील लेण्यांत कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. त्याच लेण्यांत माळी आहेत, वैद्य आहे. कार्ल्याच्या चैत्याच्या लेखांत सुगंधी द्रव्ये विकणारा गांधी भेटतो आणि सुतारही भेटतो. जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दिली. दूर मध्यप्रदेशातील भारहूतच्या स्तूपावर तर ‘करहकट’ येथील निगमाचे, म्हणजे सबंध नगराच्या संस्थेचे, दान नोंदलेले आहे. संगमावरील व्यापाऱ्यांचे हात किती दूरवर पोहोचत होते, हे यावरून दिसून येते.

श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांचा संघ. तिचे सामर्थ्य नाशिकच्या लेण्यातील एका लेखावरून उत्तम कळते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ४२ व्या वर्षी भिक्षुसंघास लेणे दिले, व त्यासोबत ३००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. ही ठेव त्याने राजाच्या खजिन्यात ठेवली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एकीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ या व्याजाने, दुसरीकडे १००० शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे. आता शाळेतल्यासारखा हिशेब करून पाहा. २००० चे दरमहा शेकडा १ प्रमाणे महिन्याला २० व वर्षाला २४० कार्षापण होतात. लेखात २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावे असे म्हटले आहे. २० गुणिले १२ म्हणजे बरोबर २४०! हा सर्व व्यवहार निगमसभेत सर्वांना ऐकविला व फलकावर नोंदविला, असेही लेख सांगतो. माग चालविणाऱ्या लोकांकडे राजघराण्यातील माणसाने पिढ्यान्‌पिढ्यांसाठी पैसा सोपवावा, हे लहानसे आश्चर्य नव्हे. पुढे त्याच नाशकात विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेवली, तीही कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे व तेली अशा श्रेणींकडे. परक्याला परक्यावर विश्वास टाकता यावा, हाच नगराचा खरा पाया होय. तट आणि वेशी मागाहून येतात.

दुसरे ठिकाण म्हणजे जमीन. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन विटांची घरे उजेडात आली. त्याच टेकाडावर समुद्रदेव पोसायडनची रोमन घडणीची ब्राँझची मूर्ती मिळाली. तेर येथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहणाऱ्यास इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीची आठवण होते, पाँपेई इ. स. ७९ मध्ये राखेखाली गडप झाले. त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो की तगराहून साधे कापड व मलमल गाड्यांवर घालून आडवाटांनी भडोच बंदराकडे नेत. परंतु घरातल्या माणसांची ओळख पटते ती याहून क्षुल्लक वस्तूंवरून. भोके पाडलेली कौले, सांडपाण्यासाठी एकावर एक रचलेली भाजक्या मातीची कडी, चार पायांचा दगडी पाटा, शंखाच्या बांगड्या, आणि बाजारातील बारीकसारीक खरेदीसाठी शिशाची नाणी. या काळच्या थरांतच फिरते जाते दिसू लागते. आजीच्या ओवीचा सांगाती असलेले हे जाते याच नगरांतील गृहिणीने प्रथम फिरविले असावे.

आपल्या भाषेत शेतजमिनीला काळी व वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. शतकानुशतके चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेण व हाडे साचून ती माती पांढुरकी होते. ती पिकाला पोषक असल्यामुळे गाड्या भरभरून शेतात नेण्याची रीत फार जुनी आहे, व शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. त्याला खत हवे असते. आता मात्र यंत्रे आली. पूर्वी एका हंगामात जितके टेकाड हलत असे, तितके एका दिवसात सपाट होते. लेण्यांतील लेख कातळावर आहेत म्हणून टिकले. मातीतील पान एकदा विस्कटले की कोणती वस्तू कोणत्या थरातली, हे पुन्हा कधीच सांगता येत नाही, आणि थर गेल्यावर उरते ते केवळ खापर.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या वस्तू वर्षानुवर्षे जमविल्या, त्यांतून तेथील वस्तुसंग्रहालय उभे राहिले. प्रत्येक गावी असा एक मनुष्य निघणे अवघड नाही. आपण नदीकाठच्या मूळ गावी जाल तेव्हा पांढरीवर काय चालले आहे, हे पाहावे. पाया खणताना जुन्या विटा, कडी वा नाणी निघाली तर ती जागच्या जागी राहू देऊन पुरातत्त्व खात्यास कळवावे, व घरातील मुलांना ती जागा दाखवावी. कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचा धंदा व त्याचे गाव आपल्याला ठाऊक आहे. त्याचे घर मात्र अजून मातीखाली असेल, तर ते निदान आपल्या हातून नाहीसे होऊ नये.