खामगांवची चांदी आणि शस्त्रवैद्याची तार

बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांवीं १८७० मध्यें लॉर्ड मेयो यांच्या हस्तें आगगाडीचा फांटा सुरू झाला, तो कापसाच्या बाजारासाठीं. आज मात्र त्या गांवाला रजतनगरी हें नांव मिळालें आहे तें तेथील चोख चांदीमुळें. ह्या धातूचा दुसराहि एक इतिहास आहे आणि तो सराफाच्या पेढीवर नव्हे, तर शस्त्रवैद्याच्या हातीं घडला.

ऑक्टोबर १८७७ मध्यें लंडन येथें लिस्टर यांनीं एका रोग्याच्या मोडलेल्या गुडघ्याच्या वाटीचे तुकडे चांदीच्या तारेनें बांधले. सांधा उघडणें म्हणजे त्या काळीं मृत्यूला आमंत्रण देणें होय, अशीच समजूत होती. परंतु रोगी बरा झाला. त्याचें श्रेय तारेपेक्षां जंतुनाशक कार्बोलिक आम्लाला होतें. चांदीचा स्वतःचा गुण पुढें उजेडांत आला. १८८१ मध्यें क्रेडे यांनीं नवजात अर्भकांच्या डोळ्यांसाठीं सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सुचविले, तर १८९३ मध्यें नेगेली यांचें संशोधन प्रसिद्ध झालें. पाण्यांत विरघळलेला चांदीचा अत्यल्प अंशहि सूक्ष्म जीवांना मारतो, असें त्यांनीं दाखविलें होतें.

आतां शरीरांत कृत्रिम सांधे व हृदयाच्या झडपा बसवितात. धातूंतून रक्त वाहत नाहीं. त्यावर चिकटलेले जंतु स्वतःभोंवतीं बुळबुळीत आवरण विणतात, आणि औषध त्यांच्यापुढें दुबळें ठरतें. पुष्कळदां ती वस्तूच काढून टाकावी लागते. तेव्हां पृष्ठभागानेंच पहारा करावा, ही कल्पना निघाली. १९७० मध्यें हॅम्बुर्गच्या बुखहोल्ट्झ यांनीं हाडांच्या सिमेंटमध्यें जेंटामायसिन मिसळल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढें अमेरिकेंत कृत्रिम झडपेच्या कापडी कड्यावर चांदीचा लेप दिला गेला.

येथें इतिहासानें धडा शिकविला. झडपेच्या कडेनें रक्त झिरपूं लागल्याचें कांहीं रोग्यांत आढळलें आणि जानेवारी २००० मध्यें ती झडप बाजारांतून परत घेण्यांत आली. कडें पक्कें बसावयाचें तर शरीराच्या पेशींनीं त्या कापडांत वाढावें लागतें. जंतूंना अडविणारी चांदी त्यांनाहि अडवीत असावी, असा निष्कर्ष निघाला. अर्थात् चांदी टाकाऊ ठरली नाहीं. हाडांच्या अर्बुदानंतर बसवावयाच्या मोठ्या कृत्रिम सांध्यांवर जर्मनींत चांदीचा लेप वापरला गेला, आणि तेथें जंतुसंसर्ग कमी आढळला.

सराफ चांदीचा कस पाहतो. शस्त्रवैद्याला त्याखेरीज दोन गोष्टी पाहाव्या लागतात: ती किती द्यावी, आणि कोठें देऊं नये.