पाणपक्ष्यांची शिकार आणि घरी भरलेले काडतूस

समाजाच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या वतनांविषयी, देवालयांविषयी व विद्याव्यासंगाविषयी लेख येत असतात, आणि ते उचितच आहे. परंतु ज्या घरांत परवान्याची बंदूक होती, तेथे हिवाळ्याच्या तोंडाशी काडतुसे भरण्याचे जे काम चाले, त्याविषयी कोणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ही विद्या आता लुप्त झाली आहे. ती का आली, कशी चालली आणि का थांबली, याचा विचार केल्यास मनुष्याच्या हाताला मर्यादा कोण घालतो, या प्रश्नावर प्रकाश पडतो. म्हणून हा अल्प प्रयत्न.

पाचोरा व भडगाव परिसरास गिरणामाईचा आधार आहे. गिरणेवरील जामदा बंधारा, पांझरेसारख्या नद्यांवरील फड पद्धतीचे जुने बंधारे आणि गावोगावचे तलाव यांमुळे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत खानदेशात पाणपक्ष्यांची वस्ती असते. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चक्रांग असे पक्षी उत्तरेकडून येतात. पट्टकदंब हा हंस तर हिमालय ओलांडून येतो. पाण्यावर बसलेला थवा दुरून माणूस दिसताच उठतो. त्यामुळे एका गोळीने त्याची शिकार साधत नाही. त्यास पसरत जाणारे छर्रेच लागतात.

पूर्वी हे काम ठासणीच्या बंदुकीने होई. सोरा, गंधक व कोळसा यांची दारू नळीच्या तोंडातून ओतावयाची, वर चिंधी अगर नमद्याचा तुकडा गजाने ठासावयाचा, मग छर्रे आणि पुन्हा ठासणी. शेवटी काट्यावर टोपी बसवावयाची. सोऱ्यात मीठ मिसळलेले असल्यास दारू हवेतील ओल शोषून घेते व आयत्या वेळी बार फुसका जातो. बार उडाला तरी धुराने समोरचे दिसेनासे होते आणि दुसरा बार भरीपर्यंत थवा नजरेआड जातो. म्हणजे एका नळीला एका थव्यावर एकच बार! ही मर्यादा शिकाऱ्याने घातलेली नव्हती, त्याच्या शस्त्रानेच ती घातली होती.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या भाषेतून आला. त्या काळी कागदाच्या पुडीत दारू व गोळी बांधून ठेवीत, तेच काडतूस. मागून भरण्याच्या बंदुकीचे काडतूस 1830 च्या दशकात लफोशे या फ्रेंच कारागिराने प्रचारात आणले. पुढे 1860 च्या दशकात बुडाच्या मध्यभागी टोपी असलेले काडतूस रूढ झाले आणि दोन नळ्यांची बारा बोरची बंदूक सर्वत्र पसरली. एक रतल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असता एका गोळीचा जो व्यास येतो, तोच या नळीचा व्यास. ‘बारा बोर’ या नावाचा अर्थ एवढाच.

पितळेचे अगर जाड कागदाचे उडालेले नळकांडे टाकून न देता पुन्हा भरता येत असे. जुनी टोपी काढून नवी बसवावयाची, मापाने दारू घालावयाची, तीवर नमद्याची जाड चकती, मग छर्रे, वर पुठ्ठ्याची पातळ चकती. कागदी नळकांड्याची कड लहानशा हातयंत्राने आत वळवीत. चकती सैल बसल्यास दारूचा वायू छर्ऱ्यांत घुसे व मारा विस्कटे. माप चुकल्यास नळीस व डोळ्यास धोका असे. छर्ऱ्यांना क्रमांक असत आणि क्रमांक वाढेल तसा दाणा बारीक होई. इंग्रजी मापाच्या सहा क्रमांकाचे एका औंसात सुमारे 270 दाणे भरत. लहान बदकास हा बारीक दाणा पुरे, हंसास त्याहून बराच मोठा लागे. जो स्वतः भरी, तो प्रत्येक बाराचा हिशेब ठेवी, कारण दारू व शिसे विकत घ्यावे लागे आणि परवान्यावर त्याची नोंद होई.

परवान्याचाही इतिहास विसरण्याजोगा नाही. 1878 च्या शस्त्रास्त्र कायद्याने एतद्देशीयांस परवान्याचे बंधन घातले, युरोपियनांस मात्र त्यातून सूट मिळाली. आपल्या काही घरांत परवाना होता याचा अभिमान सांगितला जातो. परंतु त्याच काळात फाशांनी तितर-बटेर धरून पोट भरणाऱ्या पारध्यांना सरकारने ‘गुन्हेगार जमात’ ठरविले. तो कायदा 1952 साली रद्द झाला. बंदुकीने मारणारा शिकारी प्रतिष्ठित आणि फाशाने धरणारा गुन्हेगार, हा भेद न्यायाचा नव्हता, हे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

तयार काडतुसे विपुल झाली तेव्हा शस्त्राची जुनी मर्यादा सुटली. 12 नोव्हेंबर 1938 रोजी भरतपूर येथे व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. जेथे शस्त्र थांबवीत नाही आणि मन थांबत नाही, तेथे कायद्यास यावे लागते. 1912 च्या कायद्याने शिकारबंदीचे हंगाम ठरविण्याची सोय केली. मुंबई राज्याने 1951 साली स्वतःचा वन्यपशुपक्षी संरक्षण कायदा केला. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपले. 1959 च्या शस्त्रास्त्र कायद्यानुसार विनापरवाना दारूगोळा तयार करणे हाही गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट त्या काळच्या शिकाऱ्यांस फारशी ठाऊक नव्हती. चुकलेला बार वाया जातो असे समजले जाई. प्रत्यक्षात तो तलावाच्या गाळात पडून राहतो. बदके अन्न दळण्यासाठी खडे गिळतात, त्यांत शिशाचे दाणेही गिळतात आणि विषबाधेने मरतात. याच कारणास्तव अमेरिकेने 1991 पर्यंत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे सर्वत्र बंद केले. नेम चुकला तरी मारा चालूच राहतो, असा हा प्रकार आहे.

आज हतनूरच्या जलाशयावर आणि नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे हेच पक्षी पाहावयास लोक दुर्बिणी घेऊन जातात. नांदूर मधमेश्वरास 2020 साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला. थवा केव्हा उतरतो, वारा कोणत्या बाजूने असावा, पाण्याच्या कोणत्या कोपऱ्यात कोणता पक्षी चरतो, हे ज्ञान शिकाऱ्यांजवळ होते, आणि ते मारण्यावाचूनही उपयोगी आहे.

म्हणून सर्व कुटुंबांस आमची दोन मागणी आहेत. घरात जुनी दारू अगर काडतुसे राहिली असल्यास ती न हाताळता पोलीस ठाण्यास कळवावे. जुनी दारू केव्हा पेट घेईल याचा भरवसा नसतो. आणि वडीलधाऱ्यांस पक्ष्यांची अहिराणी नावे, तलाव व त्यांचे हंगाम विचारून लिहून ठेवावे. मापे, चकत्या आणि जुने परवाने मोडीत घालू नयेत. आपल्या पूर्वजांचा हात कोठवर गेला होता आणि तो कोठे थांबला, याचा पुरावा त्या वस्तूंतच आहे.