मर्टन कॉलेज आणि वक्फचा धागा

मे महिन्यात ऑक्सफर्ड सगळ्यांत देखणे असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत बाहेरच्या माणसाला तिथली बरीचशी दारे बंद असतात. दगडी भिंतींवर विस्टेरियाचे जांभळे घोस लोंबत असतात. काळे गाऊन घातलेले विद्यार्थी परीक्षेला निघालेले दिसतात. पहिल्या पेपरला छातीवर पांढरे कार्नेशन, मधल्या पेपरांना गुलाबी आणि शेवटच्या पेपरला लाल, अशी तिथली रीत आहे. कॉलेजच्या फाटकावर शांतता राखण्याची पाटी असते. पर्यटक बाहेरूनच मनोरे पाहतो.

आपल्यापैकी कोणी तिथे गेले की मनात दोनपैकी एक विचार हमखास येतो. एक म्हणजे, हे सगळे ज्ञान यांनी आपल्याकडूनच नेले. दुसरा म्हणजे, आपल्याला असे काही कधी जमलेच नाही. दोन्ही विचार सोपे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. ते का, हे समजून घ्यायला मर्टन कॉलेजचा इतिहास उपयोगी पडतो.

वॉल्टर डी मर्टन हा इंग्लंडच्या राजाचा चान्सलर होता. 1264 मध्ये त्याने सरे परगण्यातील आपल्या जहागिरी विद्यार्थ्यांच्या निर्वाहासाठी कायमच्या लावून दिल्या. जमीन विकायची नाही, तिच्या उत्पन्नावर विद्यार्थ्यांनी राहायचे आणि शिकायचे. लाभ घेणाऱ्यांत त्याच्या स्वतःच्या भाऊबंदांना अग्रक्रम होता. 1274 मध्ये त्याने संस्थेचे नियम पक्के केले.

वक्फची ओळख असलेल्या वाचकाला हे वाचताना काहीतरी आठवेल. हजरत उमर यांना खैबरमध्ये जमीन मिळाली तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना दिलेला सल्ला हदीसमध्ये आला आहे. त्याचा आशय असा, की मूळ जमीन राखून ठेवा आणि तिचे फळ दान करा; ती विकली जाणार नाही, बक्षीस दिली जाणार नाही, वारसांत वाटली जाणार नाही. याच पायावर मदरसे उभे राहिले. बगदादचा निजामिया मदरसा 1067 मध्ये सुरू झाला, म्हणजे मर्टनच्या जवळपास दोनशे वर्षे आधी. इमाम गझाली तिथे शिकवत असत.

जॉर्ज मकदिसी या इतिहासकाराने 1981 च्या आपल्या ग्रंथात मांडले, की युरोपातील कॉलेजचे मूळ रूप इस्लामी वक्फशी जुळते. पुढे मोनिका गौदिओसी यांनी मर्टनचे नियम आणि वक्फचा कायदा शेजारी ठेवून तपासले. साम्य ठळक आहे, पण ते परिस्थितीजन्य आहे. मर्टनने वक्फनामा पाहून नियम लिहिले, असे सांगणारा कागद नाही. त्यामुळे ‘यांनी आपल्याकडूनच नेले’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ‘आपल्याला जमलेच नाही’ हे तर उघडच चूक आहे.

मग फरक कुठे पडला? पारंपरिक वक्फमध्ये वाकिफने, म्हणजे दान करणाऱ्याने, घातलेली अट शेवटची असते आणि कारभार मुतवल्लीच्या हाती राहतो. ऑक्सफर्डचे कॉलेज मात्र कायद्याच्या दृष्टीने स्वतःच एक ‘व्यक्ती’ बनले. मालमत्ता संस्थेच्या नावावर, कारभार फेलो मंडळींच्या हाती, आणि काळ बदलला की नियम बदलण्याची वाट मोकळी. मर्टनचे मध्ययुगातील जमाखर्चाचे हिशेब आजही तिथल्या दप्तरात जपलेले आहेत. चौदाव्या शतकात बांधलेले ग्रंथालयही वापरात आहे.

आपल्या दख्खनमधले उदाहरण घ्या. बीदरला महमूद गावानने 1472 मध्ये भव्य मदरसा बांधला. 1481 मध्ये सुलतानाच्या हुकमाने त्याची हत्या झाली आणि पुढे बहमनी सत्ताच फुटली. सतराव्या शतकाच्या अखेरीस एका स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज तिथे उरलेला मिनार आणि निळ्या फरशा पाहायला लोक जातात. मर्टनमध्ये विद्यार्थी परीक्षेला जातात.

ऑक्सफर्डला डोक्यावर घेण्याचेही कारण नाही. अँग्लिकन पंथ न मानणाऱ्यांसाठी विद्यापीठातील धार्मिक अटी 1871 च्या कायद्याने मोठ्या प्रमाणात हटल्या. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी 1892 मध्ये तिथे कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी मिळाली ती तीस वर्षांनी, कारण 1920 पर्यंत स्त्रियांना पदवी दिलीच जात नव्हती.

आणखी एक विसंगती. 1894 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, की ज्या वक्फचा लाभ मुख्यतः कुटुंबालाच मिळतो आणि गरिबांचा वाटा नावापुरता असतो, तो वक्फ अवैध. मर्टनच्या भाऊबंदांना अग्रक्रम देणारे कॉलेज मात्र त्याच देशात सहाशे वर्षे सुखाने चालले होते. मुंबईच्या मुस्लिमांचे प्रतिनिधी म्हणून बॅ. जिना यांनी मांडलेल्या विधेयकातून 1913 चा वक्फ वैधता कायदा झाला, तेव्हा अशा वक्फना पुन्हा मान्यता मिळाली.

वक्फवर बाहेरून अन्याय झाला, हे यातून दिसते, आणि तो सांगितलाच पाहिजे. पण आपल्या गावातील मशिदीची, दर्ग्याची किंवा कब्रस्तानची वक्फ जमीन किती, तिचे भाडे किती येते, ते कुठे खर्च होते, हा प्रश्न विचारायला कोणत्याही कौन्सिलने मनाई केलेली नाही. त्या उत्पन्नातून किती मुलामुलींच्या शिक्षणाची सोय झाली, हे जुम्याच्या नमाजनंतर वाचून दाखवण्यासारखे आहे. हिशेब मागणे म्हणजे मुतवल्लीवर अविश्वास दाखवणे नव्हे. ज्याने जमीन दिली, त्याच्या नियतीची ती राखण आहे.