आमसुलाची कॅप्सूल होते तेव्हा

मे महिन्यात कोकणातून परतणाऱ्या ठाकुर्ली-डोंबिवलीकरांच्या सामानात आंब्याच्या पेटीबरोबर आमसुलांची पुडी आणि आगळाची बाटली हमखास असते. चाकरमान्यांच्या या पट्ट्यात सोलकढी कधी परकी नव्हतीच. आमसूल ज्याचे होते त्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, कुळातल्या आम्लाने मात्र सातासमुद्रापार भलताच व्यापार मांडला.

घरची रीत साधी. फळ फोडून साल वेगळी करायची, मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवायची, उन्हात वाळवायची. मग पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, ती काळपट आणि लवचीक होईपर्यंत. बियांचे मुठेल टाचांच्या भेगांना लावायचे, पित्त उठले की आमसुलाचे पाणी अंगाला चोळायचे. आमसुलाचा लौकिक होता तो पित्तावर आणि पचनावर. पोटाच्या घेरावर नव्हे.

1965 मध्ये लुईस आणि नीलकंठन या शास्त्रज्ञांनी केरळच्या कुडमपुळीतले मुख्य आम्ल हायड्रॉक्सीसायट्रिक असल्याचे दाखवले. कुडमपुळी म्हणजे कोकमाची सख्खी बहीण. तेच आम्ल कोकमातही असते. पुढे अमेरिकेत शास्त्रज्ञ लोवेनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की पिष्टमय अन्नापासून चरबी बनवताना लागणारे एक विकर हे आम्ल अडवते. उंदरांवरचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. तेवढ्यावर वजन उतरवण्याच्या गोळ्यांचा बाजार धावला.

अशा गोळ्यांतला दुसरा घटक म्हणजे कॅफीन. त्याची वाट वेगळी. 1972 मध्ये डेन्मार्कमधील एल्सिनोर गावात एका डॉक्टरच्या लक्षात आले, की दम्यासाठी एफेड्रिन, कॅफीन आणि फेनोबार्बिटल घेणारे रुग्ण बारीक होत आहेत. त्यातून वजन उतरवणाऱ्या गोळ्यांची लाट आली. कॅफीन काही तास शरीराची ऊर्जा थोडी जास्त खर्च करवते, हे खरे. पण रोज पिणाऱ्याचे शरीर त्याला सरावते. एफेड्रिन जिच्यात असते त्या एफेड्रा वनस्पतीने तर हृदयावर घाला घातला, आणि 2004 मध्ये अमेरिकेने एफेड्रायुक्त पूरक गोळ्यांवर बंदी घातली.

कोकमाच्या बहिणीची परीक्षा 1998 मध्ये झाली. न्यूयॉर्कमध्ये 135 स्थूल व्यक्तींपैकी काहींना 12 आठवडे रोज 1500 मिलिग्रॅम आम्ल, तर इतरांना दिसायला तशाच निरुपद्रवी गोळ्या दिल्या. आहार दोन्ही गटांना सारखाच उष्मांक-मोजका. आम्लवाल्यांचे वजन सरासरी 3.2 किलोने उतरले, दुसऱ्यांचे 4.1 किलोने. त्या आम्लाचा काही उपयोग दिसला नाही. तरी कॅप्सुली विकल्या जातच राहिल्या. गार्सिनिया (म्हणजे कुडमपुळी) आणि कॅफीन दोन्ही असलेले ‘हायड्रॉक्सीकट’ हे वजन उतरवण्याचे उत्पादन तर 2009 मध्ये यकृताला इजा झाल्याच्या 23 तक्रारींनंतर बाजारातून मागे घ्यावे लागले.

म्हणून सोलकढीची वाटी खुशाल घ्या, आगळातल्या मिठाचे तेवढे भान ठेवा. ‘नैसर्गिक’ असा शिक्का मारलेली वजनाची कॅप्सूल मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरात आणू नका.