चिंचेचे झाड आणि उस्मानसागर

पाचवा निजाम अफझलुद्दौला याने १८६० च्या सुमारास हैदराबादच्या जुन्या तटबंदीला नवे दार पाडले ते व्यापारासाठी. मुसी नदीपलीकडे धान्याच्या व्यापाऱ्यांना जागा देऊन वसवलेले अफझलगंज आणि तटाच्या आतले शहर पुलाने जोडले गेले होते. माल आत यायचा तर तट फोडणे भागच होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि सुमारे १५ हजार माणसे दगावली. अफझलगंजात, आजच्या उस्मानिया इस्पितळाच्या आवारात, एका चिंचेवर चढलेले दीडशेच्या आसपास लोक वाचले. पुढच्या वर्षी विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले. पुण्यात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात धरणांची कामे केलेल्या या अभियंत्याने घरोघर चिंचा लावण्याचा सल्ला दिला नाही. पाणी शहराच्या वरच्या अंगालाच अडवा, असे त्यांनी सांगितले. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पुरा झाला. घरातल्या संगणकाच्या रक्षणाचा इतिहास पाहिला, तर तिथे आपण बराच काळ चिंचाच लावत बसलो होतो असे दिसते.

सुरुवातीला दुसरा उपायही नव्हता. १९८६ मध्ये लाहोरहून ‘ब्रेन’ हा व्हायरस निघाला आणि १९९० मध्ये भारतात ‘जोशी’ सापडला. हा जोशी कोण ते कळले नाही, पण दर ५ जानेवारीला त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप केल्याशिवाय संगणक पुढे हलत नसे! दोन्ही व्हायरस फ्लॉपीवरून हातोहात पसरत. त्यामुळे फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकून तिच्यावर काही लिहिले जाणार नाही असे करणे, हा तेव्हाचा स्वस्त आणि खरोखर चालणारा बंदोबस्त होता. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून धंद्याला लागलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ हा अँटीव्हायरस उभा केला. अँटीव्हायरसने असंख्य संगणक वाचवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो ज्याने विकत घेतला, त्याच्याच घरापुरता.

इंटरनेट घरात आल्यावर ही मर्यादा उघडी पडली. हेरगिरी करणारे प्रोग्राम दार फोडत नव्हते. २००० नंतर ‘कझा’सारख्या फुकट सॉफ्टवेअरबरोबर ते घरमालकाच्या संमतीनेच आत येत होते. बाजारासाठी ठेवलेल्या दारातून येणाऱ्याला तट काय अडवणार? खरा फरक पडला तो वरच्या अंगाला. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपोआप चालू ठेवली. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्ये पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम सुरू होण्याची सोय बंद केली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये अँटीव्हायरस मुळातच आला. यांतल्या एकाही गोष्टीसाठी घरच्या माणसाला तज्ज्ञ व्हावे लागले नाही.

यावर कोणी संगणक ओलीस धरून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्रायचा दाखला देईल. त्याला थोपवणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी आली होती. हल्ला झाला १२ मे रोजी. मग दोष दुरुस्ती न घेणाऱ्यांचाच नव्हे काय? काही अंशी होय. पण आपल्याकडे असेंबल करून विकलेल्या संगणकात विनापरवाना विंडोज टाकायचे आणि चोरी उघडी पडू नये म्हणून अपडेट बंद करून द्यायचे, ही रीत दुकानांतूनच रुळली. ग्राहकाला त्याचा पत्ताही नसे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: धरणवालाच चोर निघाला तर? २००५ मध्ये सोनी बीएमजीने गाण्यांच्या सीडींतून ग्राहकांच्या संगणकांवर लपून राहणारा प्रोग्राम घातला होता. म्हणजे कंपन्यांच्या भरवशावर सगळे सोडणे धोक्याचेच. मात्र त्यावर तोडगा म्हणून जबाबदारी पुन्हा घरमालकाच्या गळ्यात मारता येत नाही; तिथे सार्वजनिक यंत्रणा हवी. तशी सुरुवात झालीही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र सुरू झाले. त्यातून मिळणारी ‘यूएसबी प्रतिरोध’ आणि ‘ॲपसंविद’ ही साधने पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या हैदराबाद केंद्रात घडली. पहिले अनोळखी पेन ड्राइव्ह अडवते, दुसरे मान्यता दिलेलेच प्रोग्राम चालू देते. दोन्ही फुकट होती, पण ज्याला त्यांची माहिती आहे त्याने ती आपणहून उतरवून घ्यायची होती.