उच्चार सारखा, अर्थ वेगळा

लातूर आणि नांदेड ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीची मराठवाड्यातील प्रमुख केंद्रे. येथे येणारे अनेक विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात. अकरावीत विज्ञान इंग्रजीतून सुरू होते आणि सारख्या उच्चारांचे शब्द गोंधळ उडवितात. 'नीट'मध्ये अचूक उत्तराला ४ गुण मिळतात, चुकल्यास १ गुण वजा होतो. म्हणजे एका गल्लतीची किंमत ५ गुण. २०१७ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. मात्र भाषांतराविषयी शंका उद्भवल्यास इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरला जातो. म्हणून पुढील भेद ध्यानात ठेवावेत.

इलियम : उच्चार एक, शब्द दोन. स्पेलिंगमध्ये तिसरे अक्षर 'ई' असल्यास लहान आतड्याचा शेवटचा भाग, 'आय' असल्यास कमरेचे रुंद हाड. 'ईट' म्हणजे खाणे, त्यातील 'ई' आतड्याचा. 'हिप'मधील 'आय' हाडाचा.

युरेटर, युरेथ्रा : युरेटर मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाते, म्हणून त्या दोन. युरेथ्रा मूत्राशयातून बाहेर नेणारा एकच मार्ग.

मायटॉसिस, मायॉसिस : पहिल्यात एका पेशीच्या दोन होतात, गुणसूत्रांची संख्या कायम राहते. दुसऱ्यात चार होतात, संख्या निम्मी होते.

अल्केन, अल्कीन, अल्काइन : कार्बन अणूंमधील बंध अनुक्रमे एकेरी, दुहेरी, तिहेरी. शेवटच्या 'एन-ई'आधीची 'ए', 'ई', 'वाय' ही अक्षरे वर्णमालेच्याच क्रमाने येतात.

असे शब्द नुसते ऐकून पाठ करू नयेत. स्पेलिंग आणि मराठी अर्थ शेजारी लिहून जोडीनेच अभ्यासावेत.